न बोलणारं गिऱ्हाईक

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

आपल्या मॅनेजमेंटच्या पेपरमध्ये ‘कस्टमर सॅटिस्फॅक्शन’ हा हमखास येणारा प्रश्न. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांतून त्याचं उत्तर पाठ होत असतं. ग्राहकांचा फीडबॅक घ्यावा, तक्रारींची नोंद ठेवावी, त्या लवकर सोडवाव्यात आणि तक्रारी घटल्या की समाधान वाढलं असं समजावं. एवढं लिहिलं की मार्क पक्के!

पण यातलं शेवटचं वाक्य जरा थांबून वाचा. तक्रारी घटल्या म्हणजे समाधान वाढलं, की तक्रार करणारेच निघून गेले? की जे उरले ते मुळात बोलणारेच नाहीत? पुस्तकात हा प्रश्न कोणी विचारत नाही. म्हणून म्हटलं, आपल्या मासिकात विचारून पाहावा.

कुठल्याही धंद्यात दोन प्रकारचं गिऱ्हाईक असतं. एक बोलणारं. ते भाव करतं, चूक काढतं, ‘मालकांना बोलवा’ म्हणतं. दुसरं न बोलणारं. वर्षानुवर्षं तेच दुकान, तीच वेळ, तोच माल. पैसे देतं, पिशवी उचलतं आणि चालू लागतं. पहिल्याचं नाव मालकाला पाठ असतं, दुसऱ्याचा फक्त चेहरा ओळखीचा असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की धंदा उभा असतो तो या दुसऱ्याच्या जिवावर. तो गेला तर धंदा खचतो, आणि गंमत म्हणजे तो गेलेला पुष्कळ दिवस कळतही नाही.

पासवाला प्रवासी

मी वळसंगची. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं आमचं गाव. शाळा सोलापुरात, कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे एसटीचा पास हे माझ्या आयुष्यातलं पहिलं आयडेंटिटी कार्ड! ‘लॉयल कस्टमर’ म्हटलं की पुस्तकातल्या अमेरिकन कंपन्यांच्या आधी मला लाल गाडीतला पासवाला प्रवासी आठवतो तो यामुळेच.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) अशी पहिली एसटी धावली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या किती पिढ्या या गाडीतून शाळेत, कोर्टात, बाजाराला आणि बाळंतपणाला गेल्या असतील याचा हिशेब कोण ठेवणार! या एसटीची मासिक पासाची योजना फार विचार करण्यासारखी आहे. वीस दिवसांचं भाडं भरायचं आणि तीस दिवस प्रवास करायचा. तीन महिन्यांच्या पासाला पन्नास दिवसांचं भाडं आणि नव्वद दिवस प्रवास. विद्यार्थ्यांना तर ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरायचा.

आता इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या चष्म्यातून बघा. मासिक पासवाला पैसे आधी देतो आणि सेवा नंतर घेतो. त्याच्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद होत नाही. त्याला थांबा विचारावा लागत नाही. पाऊस असो, ऊन असो, गाडी भरलेली असो की रिकामी, तो ठरलेल्या वेळी उभा असतो. दहा दिवसांचं भाडं माफ करून एसटी हेच कबूल करते, की रोज येणाऱ्याची किंमत एकदा येणाऱ्यापेक्षा जास्त आहे.

पण रोज येणारा दिसत नाही, दिसते ती गर्दी. आमच्या रस्त्यावर गुरुवारी, पौर्णिमेला आणि दत्तजयंतीला स्वामी समर्थांच्या दर्शनाला अक्कलकोटला जाणाऱ्यांची गर्दी असते. आषाढीला पंढरपूरसाठी तर एसटी राज्यभरातून जादा गाड्या सोडते. २०२५ साली हा आकडा पाच हजारांच्या वर होता. पेपरात फोटो येतात, मंत्री आढावा घेतात. हे सगळं व्हायलाच हवं, भाविकांची सोय झालीच पाहिजे. पण एक सोपं गणित करून पाहू.

समजा एक भाविक वर्षातून दोनदा येतो. जाऊन-येऊन झाले चार प्रवास. एक पासवाला महिन्यात पंचवीस दिवस प्रवास करतो, म्हणजे जाऊन-येऊन पन्नास. दहा महिन्यांत पाचशे. म्हणजे एक पासवाला कमी झाला तर तेवढे प्रवास भरून काढायला सव्वाशे भाविक लागतात! सव्वाशे माणसं एकदम कमी झाली तर मीटिंग बसेल. एक पासवाला कमी झाला तर खिडकीवरच्या माणसाला पत्ताही लागत नाही.

आधी कोण जातं?

आपल्याकडे एसटीच्या थांब्यापासून थोड्या अंतरावर वडाप उभी असते. ‘चला अक्कलकोट, अक्कलकोट!’ भरली की सुटणार. एसटीला उशीर होतोय असं वाटलं की थांब्यावरचं कोण आधी वडापकडे वळतं, हे कधी निरखून पाहा. ज्याला घाई आहे, ज्याच्या खिशात दोन पैसे जास्त आहेत आणि ज्याला बोलता येतं, तो आधी जातो. मोटरसायकल घेण्याची ऐपत असलेला तर कायमचाच जातो. मागे उरतात ती म्हातारी माणसं, शाळेच्या पोरी आणि बाजाराची बुट्टी घेतलेल्या बायका.

अल्बर्ट हिर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमक्या या गोष्टीवर एक पुस्तक लिहिलं. त्याला हा विचार सुचला तो नायजेरियाच्या रेल्वेवरून. तिथे उत्तरेकडचा भुईमूग शेकडो मैलांवरच्या बंदरांपर्यंत न्यायचा असे. रेल्वे होती, पण तिचा कारभार ढिसाळ. मग ट्रक आले. आपण पुस्तकात शिकतो की स्पर्धा आली की सेवा सुधारते. तिथे झालं उलटंच. ट्रक आल्यावरही रेल्वे सुधारली नाही.

हिर्शमनने कारण सांगितलं ते असं. नाराज ग्राहकाकडे दोन रस्ते असतात. एक, निघून जाणं. दोन, आवाज उठवणं. ज्या व्यापाऱ्यांना रेल्वेच्या ढिसाळपणाची सर्वांत जास्त झळ बसत होती आणि जे साहेबाच्या टेबलावर हात आपटू शकले असते, तेच सगळ्यांत आधी ट्रककडे गेले. ते गेल्यावर रेल्वेच्या ऑफिसात शांतता पसरली. तोटा सरकार भरून काढत होतं, त्यामुळे गिऱ्हाईक गेल्याचंही दुःख नाही. तिसरी गोष्ट म्हणजे निष्ठा. निष्ठावान माणूस लगेच निघून जात नाही, सुधारणा होईल या आशेवर थांबतो. म्हणजे सुधारायला जो वेळ मिळतो, तो या निष्ठावान गिऱ्हाइकाने दिलेला असतो. तो वेळ फुकट घालवला तर दोष गिऱ्हाइकाचा नाही.

आता आपला पाठ केलेला मुद्दा परत आठवा : तक्रारी घटल्या म्हणजे समाधान वाढलं. नायजेरियाच्या रेल्वेत तक्रार करणारेच गेले होते!

जे जाऊ शकत नाहीत त्यांचं काय?

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या पगाराचे आणि विलीनीकरणाचे प्रश्न होते. तो विषय मोठा आहे आणि त्यावर इथे बोलत नाही. मला बोलायचंय ते प्रवाशांवर. कोरोनाच्या आधी एसटीने रोज पासष्ट लाखांच्या घरात लोक प्रवास करत. आधी कोरोना, मग संप. या दोन वर्षांत ज्याला दुसरी सोय करता आली त्याने ती केली. संप मिटल्यावर गाड्या सुरू झाल्या, पण सगळे प्रवासी लगेच थांब्यावर येऊन उभे राहिले नाहीत. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, या दोन सवलतींनंतर गर्दी पुष्कळ वाढली.

हे झालं जे परत येऊ शकले त्यांचं. पण ज्यांच्याकडे ना मोटरसायकल, ना वडापचे पैसे, ना कोणाशी बोलायची ओळख, त्यांचं काय होतं? हिर्शमनच्या दोन्ही रस्त्यांवर त्यांना चालता येत नाही. मग ते तिसरंच काहीतरी करतात. ज्या कामासाठी प्रवास करत होते ते कामच सोडून देतात.

वस्तीवरून तालुक्याला शिकायला जाणाऱ्या एखाद्या मुलीचा विचार करा. संध्याकाळची गाडी बंद झाली किंवा तिची वेळ अंधारात गेली तर घरात चर्चा किती वेळ चालेल? ‘बारावी झाली, बास झालं.’ ती मुलगी कुठल्याही तक्रार पुस्तकात सही करायला जात नाही. एसटीच्या हिशेबात एक पास कमी होतो. कॉलेजच्या रजिस्टरमध्ये नाव कमी होतं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं जातं ‘घरगुती अडचण’. कुठेही असं लिहिलेलं सापडणार नाही की साडेपाचची गाडी बंद झाली म्हणून एका मुलीचं शिक्षण थांबलं. आपल्यापैकी कितीतरी जणी आज हॉस्टेलमध्ये आहेत त्या घरून रोज येण्यासारखी गाडी नाही म्हणूनच ना? ज्यांच्या घरच्यांना हॉस्टेलचा खर्च झेपला त्या इथे आहेत, बाकीच्या नाहीत.

म्हणून न बोलणाऱ्या गिऱ्हाइकाकडे लक्ष देणं ही नुसती नफ्याची युक्ती आहे असं मला वाटत नाही.

एसटीने एक चांगली गोष्ट केली तीही सांगायला हवी. पास काढण्यासाठी विद्यार्थ्यांना स्टँडवर जाऊन रांग लावावी लागे. २०२४ च्या जूनपासून पास थेट शाळा-कॉलेजात पोचवण्याची मोहीम सुरू झाली. न बोलणाऱ्याची अडचण त्याने न बोलता ओळखायची, ती अशी.

फटीग : मटेरियल गप्प का तुटतं?

आपण मेकॅनिकलवाले लॅबमध्ये टेन्साइल टेस्ट करतो. माइल्ड स्टीलचा रॉड ओढला की तो आधी लांबतो, मध्ये बारीक होतो आणि मग तुटतो. तुटण्याआधी तो सांगतो. हे बोलणारं गिऱ्हाईक!

पण एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या रेल्वेचे आस अचानक तुटू लागले. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. जर्मनीत ऑगस्ट व्होलर नावाच्या रेल्वे इंजिनिअरने पुढे वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं की स्टील एका झटक्यात जेवढा भार सहन करतं, त्याच्या पुष्कळ खालच्या भारानेही ते तुटू शकतं. अट एकच, तो भार पुन्हा पुन्हा यायला हवा, हजारो-लाखो वेळा. बाहेरून काही दिसत नाही. आत एक बारीक तडा रोज थोडा थोडा पुढे सरकत असतो. यालाच आपण फटीग म्हणतो, आणि एस-एन कर्व्ह काढतो तो याचाच.

न बोलणारं गिऱ्हाईक असं तुटतं. एका मोठ्या चुकीने नाही. मोठी चूक झाली तर उलट ते समजून घेतं, ‘होतं कधीतरी’ म्हणतं. ते तुटतं रोजच्या बारीक गोष्टीने. काउंटरवर मागून आलेल्या ओळखीच्या माणसाला आधी माल देणं, रोज एक रुपया सुटा नाही म्हणून चॉकलेट हातावर ठेवणं, दहा वर्षं येणाऱ्याला ‘तुमचं काय?’ असं कोरडं विचारणं. यातली एकही गोष्ट तक्रार करण्याएवढी मोठी नाही. पण मोजली तर हजारवेळा झालेली असते.

स्टीलला एक एन्ड्युरन्स लिमिट असते. भार त्याच्या खाली ठेवला तर ते जवळजवळ कितीही फेऱ्या काढतं. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादाच नसते, भार लहान असला तरी कधी ना कधी ते थकतं. माणसांतही दोन्ही प्रकार असतात. कोण कुठला हे बाहेरून कळत नाही, म्हणून डिझाइन ॲल्युमिनियमचं समजूनच करावं.

एका खाणावळीची गोष्ट

आता जवळचं उदाहरण. मुलींच्या हॉस्टेलला डबे देणारी एक खाणावळ होती. नाव लिहीत नाही. चालवणारे काका मनाने चांगले. त्यांनी दाराला एक वही टांगली होती, पेन दोरीने बांधलेलं. वर लिहिलं होतं ‘सूचना’. वही भरायची ती सात-आठ जणींच्या अक्षराने. पनीर द्या, फ्राइड राइस द्या, भाकरी नको चपाती द्या. काकांनी सगळं ऐकलं. पनीर आलं, फ्राइड राइस आला. भाकरी करायला बाई वेगळी लागते आणि वेळही जातो, म्हणून भाकरी बंद झाली.

मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोट या भागातून आलेल्या मुली वहीत कधीच लिहीत नव्हत्या. त्यांना पाहिजे होतं एवढंच : ज्वारीची भाकरी, पातळ भाजी आणि शेंगा चटणी. महिना संपला तशा त्यांतल्या तिघी म्हणाल्या, ‘काका, पुढच्या महिन्यापासून डबा नको.’ का? ‘असंच.’ पुढच्या महिन्यात आणखी पाच जणी. त्यांनाही ‘असंच’. गावातल्या एका आजी भाकरी करून देतात हे त्यांनी एकमेकींना सांगितलं होतं, फक्त काकांना सांगितलं नव्हतं. आणि वहीत सूचना लिहिणाऱ्या? त्या महिन्यातले निम्मे दिवस बाहेरच खायच्या! शेवटी डबे परवडेनात म्हणून काकांनी हॉस्टेलचं काम सोडलं. जाताना म्हणाले, ‘एकीनं तर सांगायचं की गं!’

का नाही सांगितलं? मी यावर पुष्कळ विचार केला. एक तर आपल्या घरात लहानपणापासून शिकवतात की अन्नाला नावं ठेवू नयेत. दुसरं, भीड. वडीलमाणसाला तोंडावर ‘आवडलं नाही’ म्हणणं जमत नाही. आणि तिसरं कारण सगळ्या ऑफिसांना आणि बँकांना लागू आहे. त्यांचे फीडबॅक फॉर्म बघा, बहुतेक इंग्रजीत. मी कॉन्व्हेंटची म्हणून मला ते भरायला दोन मिनिटं लागतात. पण माझ्या रूममेटला, जिला गणितात माझ्यापेक्षा नेहमी जास्त मार्क पडतात, ‘एनी अदर रिमार्क्स’च्या खाली काय लिहावं हे सुचत नाही. ती ‘गुड’वर टिक करते आणि फॉर्म देऊन टाकते. कंपनीत बसलेला मॅनेजर म्हणतो, ग्राहक खूश आहे!

शांतता चार प्रकारची

यावरून मी माझ्यापुरतं एक वर्गीकरण केलं आहे. परीक्षेत येणार नाही, पण उपयोगी पडेल.

१) समाधानाची शांतता. सगळं ठीक आहे म्हणून बोलत नाही.

२) सवयीची शांतता. बरं-वाईट असा विचारच केलेला नाही. रोजचा रस्ता, रोजचं दुकान.

३) नाइलाजाची शांतता. दुसरं काही उपलब्ध नाही म्हणून बोलत नाही.

४) निराशेची शांतता. पूर्वी एकदा बोलून पाहिलं, काही झालं नाही. आता मनातल्या मनात निघायची तारीख ठरली आहे.

बाहेरून चारही सारख्याच दिसतात. फरक कळतो तो दार उघडल्यावर. मोबाइलचंच बघा. पूर्वी कंपनी बदलायची तर नंबर बदलायला लागायचा, म्हणून कितीतरी लोक गप्प बसून होते. २० जानेवारी २०११ पासून देशभर तोच नंबर ठेवून कंपनी बदलायची सोय झाली. ज्या कंपन्या ‘आमचे ग्राहक निष्ठावान आहेत’ म्हणत होत्या, त्यांना त्यातले निष्ठावान किती आणि अडकलेले किती हे तेव्हा कळायला लागलं. दार उघडायची वाट न बघता आधीच शोध घेतो तो शहाणा धंदेवाला.

आपल्या सोलापुरी चादरीचं दुखणंही याच जातीचं आहे. चादर घेणारं गिऱ्हाईक दहा-पंधरा वर्षांतून एकदा येतं, कारण चादर टिकतेच तेवढी! ते मधल्या काळात काहीच बोलत नाही, पण पोरीच्या लग्नात द्यायला पुन्हा सोलापुरीच शोधतं. बाहेरच्या हलक्या मालावर ‘सोलापुरी’ नाव छापून तो विकला गेला, तर हे गिऱ्हाईक फसतं आणि दोन धुण्यांत रंग गेल्यावर ते भांडायला सोलापूरला येत नाही. ‘आता पूर्वीसारखी चादर राहिली नाही’ एवढंच म्हणतं आणि पुढच्या वेळी ब्लँकेट घेतं. म्हणजे चूक केली एकाने आणि गिऱ्हाईक गेलं ते प्रामाणिक विणकराचं. २००५ च्या सुमारास सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला जी.आय. म्हणजे भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो या नावाचं रक्षण व्हावं म्हणूनच. पण कागदावरचं रक्षण दुकानातल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचलं पाहिजे. खरी चादर कशी ओळखायची हे त्याला कोणीतरी सांगायला हवं. तो स्वतः विचारणार नाही.

खात्याची वही

मग करायचं काय? मोठ्या कंपन्या यासाठी लाखो रुपयांची सॉफ्टवेअर घेतात. पण गावातल्या किराणा दुकानदाराकडे हे तंत्र कधीपासून आहे. त्याची खात्याची वही! कोणत्या घरात महिन्याला साखर किती, चहापत्ती किती, तेल किती, सगळं त्यात असतं. आणि चांगला दुकानदार ती फक्त उधारी वसूल करायला वाचत नाही. ‘काय ओ अक्का, या महिन्यात चहापत्ती नेली नाही?’ असं तो सहज विचारतो. अक्का सांगते, ‘मागची पत्ती बरी नव्हती बघा.’ बस, काम झालं. अक्काने तक्रार केली नव्हती. तिच्या यादीतली एक ओळ कमी झाली होती आणि ती ओळ त्याला दिसली.

यातून मला जे मुद्दे सापडले ते असे :

१) तक्रारी मोजा, पण त्यासोबत येणं-जाणंही मोजा. रोज येणारा आठवड्याला यायला लागला, दोन किलोवाला एक किलोवर आला, की ती तक्रारच समजा.

२) सोडून जाणाऱ्याला ‘असंच’ या उत्तरावर सोडू नका. भांडू नका, गळ घालू नका, फक्त विचारा : काय असतं तर थांबला असता?

३) बोलणाऱ्याचं ऐकून बदल करताना, जे काढून टाकताय ते कोण वापरत होतं हे आधी पाहा. भाकरी बंद करण्याआधी भाकरी खाणारीला विचारा.

४) नव्या गिऱ्हाइकाला सूट आणि जुन्याला पूर्ण भाव, हे जुन्याला कळतं. तो बोलत नाही एवढंच. एसटीच्या पासासारखी सवलत रोज येणाऱ्याला द्या.

५) विचारायचं तर त्याच्या भाषेत, त्याच्या वेळेला आणि शक्यतो तोंडी विचारा. फॉर्म हा बोलणाऱ्यांसाठी असतो.

कोणी म्हणेल, बोलणाऱ्यांचं ऐकूच नये का? जरूर ऐकावं. तक्रार करणारा माणूस आपल्याला फुकट माहिती देत असतो आणि त्याला अजून आपल्याकडून आशा आहे. हिर्शमनच्या म्हणण्याप्रमाणे निष्ठेतूनच आवाज निघतो. पण त्याचा आवाज म्हणजे सगळ्यांचं मत असं मानून चालणार नाही. वहीत सात जणींचं अक्षर असेल तर बाकीच्या कुठे आहेत, हे उठून बघायला लागतं.

जाता जाता

उद्या आपल्यापैकी कोणी कंपनीत जाईल, कोणी सॉफ्टवेअर लिहील, कोणी वडिलांचं दुकान सांभाळेल, कोणी सरकारी खुर्चीत बसेल. प्रत्येकाच्या समोर आकडे येतील आणि ते आकडे बोलणाऱ्यांनी भरलेले असतील. त्या वेळी एक प्रश्न जरूर विचारा : यात कोण नाही?

आणि हा प्रश्न विचारायला नोकरी लागेपर्यंत थांबायची गरज नाही. आपल्या कॉलेजातही कॅन्टीन आहे, लायब्ररी आहे, वर्ग आहेत. आदरणीय सर-मॅडमना विनंती आहे, की वर्षाच्या शेवटी फीडबॅक घेताना शेवटच्या बाकावरच्या, कधीच हात वर न करणाऱ्या चार जणांना बाजूला बोलावून मराठीत विचारा. आणि मित्र-मैत्रिणींनो, तुमच्या मेसमध्ये, तुमच्या रूमवर, तुमच्या ग्रुपमध्ये जो बरेच दिवस काहीच बोललेला नाही, त्यालाही एकदा विचारा, ‘काय रे, सगळं ठीक आहे ना?’ उत्तर ‘असंच’ आलं तर लगेच उठू नका. चहा मागवा आणि थोडा वेळ बसा.